कॅलिफोर्नियातल्या काउंटी कोर्टातून जुन्या खटल्याचे कागद कसे मिळवायचे?

प्रश्न थोडक्यात असा: २००५ साली नाशिकला लग्न, मग बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासचा भाग) संसार, २०१० मध्ये तिथल्याच कोर्टात घटस्फोट. तेव्हाच्या वकिलांनी प्रॅक्टिस बंद केली आहे, केस नंबर आठवत नाही आणि घरं बदलताना कागद हरवले. आता पुण्यात दुसरं लग्न नोंदवायचं आहे, तर नोंदणी कार्यालय निकालाची सही-शिक्क्याची प्रत मागतंय. कोर्टाच्या वेबसाइटवर नाव घातलं तर कागद दिसत नाहीत. शिवाय त्याच सुमारास घराचं काम अर्धवट सोडून गेलेल्या कॉन्ट्रॅक्टरवर दिवाणी दावा लावला होता. त्याचे कागद मिळतील का, हेही विचारलं आहे.

ताई, घटस्फोटाचे कागद मिळायलाच हवेत. कॉन्ट्रॅक्टरच्या दाव्याचं मात्र तो कसा संपला यावर अवलंबून आहे, त्याबद्दल शेवटी सांगते. बे एरियातल्या वकिलांसाठी कोर्टातून कागद काढून आणणं हेच माझं गेल्या एकोणीस वर्षांचं काम आहे. या काळात रेकॉर्ड सापडलंच नाही म्हणून अडलेले लोक मी फार थोडे पाहिले. चुकीचा कागद मागवून, तो भारतात पाठवून, तिथून परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणारे मात्र सतत भेटतात. त्यामुळे कुठे मागायचं याच्याइतकंच नेमकं काय मागायचं हेही नीट सांगते.

आधी काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचं एक सुपीरियर कोर्ट. संपूर्ण राज्याचं मिळून एकच रेकॉर्ड रूम कुठेही नाही. ‘बे एरियात घटस्फोट झाला’ एवढ्यावर शोध लागत नाही. सनीवेल, कूपर्टिनो, मिल्पिटास हे सांता क्लारा काउंटीत, म्हणजे कोर्ट सॅन होजेला. फ्रीमाँट आणि प्लेझंटन अलामिडा काउंटीत. सॅन रॅमोन काँट्रा कोस्टामध्ये, फॉस्टर सिटी सॅन मटेओमध्ये. घटस्फोटाचा अर्ज करायला दोघांपैकी एकाने राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेलं असावं लागतं. म्हणून अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत तुमचं आणि तुमच्या तेव्हाच्या नवऱ्याचं घर कुठे होतं ते आठवा. तुम्ही फ्रीमाँटला आणि ते वेगळे होऊन सनीवेलला राहायला गेले असतील, तर केस दोन्हींपैकी कुठल्याही काउंटीत असू शकते. नोकरी कुठे होती याचा इथे उपयोग नाही.

एक घोटाळा फार जण करतात. काउंटीचा क्लार्क-रेकॉर्डर आणि कोर्टाचा क्लार्क ही दोन वेगळी कार्यालयं आहेत. लग्नाचे दाखले आणि जमीन-घरांचे दस्त रेकॉर्डरकडे असतात, घटस्फोटाचा निकाल कोर्टाकडे. राज्याच्या आरोग्य खात्याला पत्र लिहिण्यातही वेळ घालवू नका. त्यांच्याकडे फक्त १९६२ ते जून १९८४ मधल्या घटस्फोटांची नोंद आहे, आणि तेही घटस्फोट झाला होता एवढाच दाखला देतात, निकालाची प्रत देत नाहीत.

(दुसऱ्या राज्यांतले वाचक असतील तर तिथली नावं वेगळी आहेत. न्यू यॉर्कमध्ये घटस्फोट ‘सुप्रीम कोर्टा’त होतो, पण ते खालचंच कोर्ट आहे आणि त्याची कागदपत्रं काउंटी क्लार्क सांभाळतो. तिथे घटस्फोटाची फाइल पक्षकार आणि त्यांचे वकील सोडून कुणालाही दाखवत नाहीत. टेक्ससमध्ये घटस्फोटाचे कागद डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतात. दिवाळखोरीची केस मात्र कुठल्याही राज्यात फेडरल कोर्टात जाते, काउंटी कोर्टात ती शोधू नये.)

आता वेबसाइटवर काही का दिसत नाही ते सांगते. राज्याच्या न्यायालयीन नियमांप्रमाणे कौटुंबिक खटल्यांचे कागद घरबसल्या इंटरनेटवर सर्वांना दाखवता येत नाहीत. पक्षकारांची सूची आणि कामकाजाची यादी दिसू शकते, पण कागद बघायचे तर कोर्टातल्या संगणकावर जाऊनच. म्हणजे स्क्रीन रिकामी दिसली तरी फाइल नाही असा अर्थ होत नाही. साध्या दिवाणी दाव्यांना हे बंधन नाही. तिथे पुष्कळ कोर्टं कागदही ऑनलाइन दाखवतात.

नावाची अडचण आपल्या लोकांना हमखास येते. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. सूचीत चढवणारा कर्मचारी कधी मधलं नाव आडनाव समजतो, कधी दोन्ही नावं जोडून टाकतो. म्हणून सासरचं आडनाव, माहेरचं आडनाव, मधलं नाव आडनावाच्या जागी, अशा सगळ्या प्रकारांनी शोधा. शेवटी ‘ए’ लागतो की नाही, ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, हेही बदलून पाहा. मग तुमचं नाव सोडून त्यांच्या नावाने शोधा. एका बाजूचं नाव चुकीचं चढलं असलं तरी दुसऱ्याचं बहुतेक वेळा बरोबर असतं. माझे निम्मे ‘न सापडणारे’ खटले असेच सापडले आहेत.

तरीही सापडलं नाही तर कोर्टाला शोधायला सांगता येतं. कर्मचाऱ्याला त्यासाठी दहा मिनिटांपेक्षा जास्त लागली तर १५ डॉलर शुल्क पडतं. अर्जात दोघांची पूर्ण नावं, संभाव्य स्पेलिंगं आणि २००९ ते २०११ अशी सालांची कक्षा द्या. नुसतं २०१० लिहू नका, कारण केस नंबर अर्ज दाखल झाल्याच्या वर्षाचा असतो, निकालाच्या वर्षाचा नव्हे.

केस नंबर मिळाला की घाईने निकाल मागवू नका. आधी ‘रजिस्टर ऑफ अ‍ॅक्शन्स’ मागा. आपल्या कोर्टातला रोजनामा डोळ्यांसमोर आणा, साधारण तसंच: कुठल्या तारखेला कुठला कागद दाखल झाला, कुठला आदेश निघाला, याची ओळीने नोंद. दोन-चार पानांचा हा कागद पानाला ५० सेंट या दराने मिळतो आणि पुढचे शेकडो डॉलर वाचवतो. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ ‘संपूर्ण फाइल’ घेऊन आले होते. दोनशेच्या वर पानं, प्रत्येकाचे पैसे भरलेले, आणि निकालाला जोडलेला समझोताच त्यात नव्हता, कारण तो नंतर वेगळा दाखल झाला होता. रोजनामा समोर असता तर सहा-सात नावं लिहून काम झालं असतं.

त्यातून काय मागायचं? पहिला कागद म्हणजे निकाल, फॉर्म एफएल-१८०, त्याच्या सगळ्या जोडपत्रांसह. ‘सर्व जोडपत्रांसह’ हे शब्द अर्जात स्पष्ट घाला. या फॉर्मवर विवाहसंबंध कुठल्या तारखेला संपला ती तारीख वेगळी लिहिलेली असते आणि ती निकालाच्या तारखेनंतरची असू शकते, कारण कॅलिफोर्नियात समन्स बजावल्यापासून किमान सहा महिने जावे लागतात. पुण्यातल्या अर्जात घटस्फोटाची तारीख म्हणून हीच घाला. निकालावर कोर्टाने माहेरचं नाव परत दिल्याचीही नोंद असू शकते. ती असेल तर पासपोर्ट आणि निकाल यांतल्या नावांचा मेळ घालायला उपयोगी पडते. सोबत एफएल-१९० ही निकाल नोंदल्याची सूचनाही घ्या.

बहुतेक जण इथेच थांबतात, आणि माझ्या मते इथे थांबू नये. तुमचं लग्न नाशिकला, हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं आहे. परदेशी कोर्टाचा निकाल भारतात आपोआप मान्य होत नाही, तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ च्या कसोटीला उतरावा लागतो. १९९१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे नेमकं अशाच काउंटी कोर्टाचं प्रकरण आलं होतं. लग्न तिरुपतीला झालेलं, आणि घटस्फोट मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस काउंटीच्या सर्किट कोर्टातून नवऱ्याने घेतलेला. पत्नीने तिथे उत्तर पाठवलं होतं, पण त्या कोर्टाचा अधिकार मान्य नाही असं सांगूनच. सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट मानला नाही. ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्याने ज्या कोर्टाला अधिकार आहे आणि जी कारणं चालतात, तीच धरायची असा नियम न्यायालयाने घालून दिला, आणि त्याला अपवादही सांगितले. त्यातला तुमच्या कामाचा अपवाद म्हणजे समोरच्या पक्षाने त्या घटस्फोटाला संमती दिलेली असणं.

तुमचा घटस्फोट सहमतीने झाला असेल तर ती सहमती फाइलमध्ये कुठेतरी नोंदलेली असणार, आणि तोच कागद तुमच्या हातात हवा. म्हणून रोजनाम्यात पुढच्या नोंदी आहेत का ते पाहा: समन्स बजावल्याचा पुरावा, एफएल-११५. दुसऱ्या पक्षाचं उत्तर, एफएल-१२०. हजेरी आणि संमतीचा फॉर्म, एफएल-१३०. दोघांच्या सह्यांचा समझोता. यांतले जे असतील ते सगळे मागवा. आणि एफएल-१६५, म्हणजे समोरचा हजरच झाला नाही म्हणून एकतर्फी पुढे जाण्याची विनंती, ही नोंद दिसली तर नोंदणी कार्यालयात जाण्याआधी भारतातल्या कौटुंबिक वकिलांना भेटा. एकतर्फी निघालेल्या निकालावर पुढे वाद होऊ शकतो, आणि तुमच्या दुसऱ्या लग्नाच्या आधी त्याचा निकाल लागलेला बरा. तुमच्या बाबतीत काय होईल हे मी सांगू शकत नाही, मी वकील नाही. कुठले कागद घेऊन वकिलांकडे जावं एवढं मी सांगू शकते.

आता प्रत्यक्ष मागणी. इथल्या कोर्टातले कागद मुळात सर्वांसाठी खुले मानले जातात. दिवाणी कामकाज लोकांसाठी खुलं असलं पाहिजे हे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली स्पष्ट केलं, आणि त्यानंतर कागद सीलबंद करायलाही न्यायाधीशांना कारणं लिहून द्यावी लागतात. त्यामुळे अर्ज करणाऱ्याला ‘कशासाठी हवंय’ हे सांगावं लागत नाही. तुमच्या वतीने भाऊ, मैत्रीण, कुणीही खिडकीवर जाऊन कागद मागू शकतं, मुखत्यारपत्र लागत नाही. आयकर विवरणपत्रं, मुलांच्या ताब्याबद्दलचे तज्ज्ञांचे अहवाल असे काही कागद मात्र त्रयस्थांना दाखवत नाहीत.

खिडकीवर जाणाऱ्या माणसाला केस नंबर आणि कागदांची नावं तारखांसकट लिहून द्या. क्लार्क कायद्याचा सल्ला देत नाहीत, त्यांना तशी मनाई आहे. ‘मला काय लागेल?’ असं विचारलं तर उत्तर मिळणार नाही. ‘अमुक तारखेला दाखल झालेला अमुक कागद, प्रमाणित’ असं सांगितलं की काम लगेच पुढे सरकतं. २०१० ची फाइल दुसरीकडच्या गोदामात ठेवलेली असेल तर ती मागवायला काही दिवस लागतात, तेव्हा दोन फेऱ्या गृहीत धरा.

शुल्क असं आहे: प्रत काढण्याचे पानाला ५० सेंट. घटस्फोटाच्या निकालाच्या प्रमाणित प्रतीला १५ डॉलर. इतर कुठलाही कागद प्रमाणित करायचा तर प्रत्येक कागदाला ४० डॉलर. म्हणून सरसकट सगळं प्रमाणित करून घेऊ नका. निकाल आणि संमती दाखवणारा कागद प्रमाणित घ्या, बाकीच्या साध्या प्रती वकिलांना वाचायला पुरतात. निकालाचे मात्र दोन संच घ्या, कारण सरकारी कार्यालयात दिलेला कागद परत मिळेलच असं नाही.

भारतातून टपालाने मागवायचं तर दोन गोष्टी आड येतात. रुपयांचा चेक चालत नाही, अमेरिकन बँकेचा चेक किंवा मनी ऑर्डर लागते. परतीच्या पाकिटावर अमेरिकन तिकिटं लागतात, आपली नव्हे. पानांची संख्या आधी माहीत नसते म्हणून इथे चेकवर रक्कम कोरी ठेवून ‘अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही’ असं लिहून देण्याची पद्धत आहे, क्लार्क नेमकी रक्कम भरून घेतात. परतीचा पत्ता अमेरिकेतल्याच कुणाचा तरी द्या. पुढचा टप्पाही इथेच करायचा आहे, पाकीट आधी पुण्याला नेऊन परत पाठवण्यात काही अर्थ नाही.

तो टप्पा म्हणजे अपोस्टिल, एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून त्याला जोडलेलं प्रमाणपत्र. सेंट लुइसच्या त्या प्रकरणात डेप्युटी क्लार्कने प्रमाणित केलेली प्रत होती, तरी अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं पुढचं प्रमाणन नाही म्हणून न्यायालयाने ती पुराव्यात घेण्यासारखी मानली नव्हती. पुढे २००५ मध्ये भारत अपोस्टिल करारात सामील झाला. आता कोर्टाच्या प्रमाणित प्रतीवर कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं अपोस्टिल लावून घ्यायचं. त्याला कागदामागे २० डॉलर लागतात, राज्याच्या राजधानीला, सॅक्रामेंटोला, टपालाने पाठवता येतं. ते कार्यालय सही तपासतं, आणि सगळ्याच सह्या त्यांच्या यादीत नसतात. म्हणून प्रत घेतानाच खिडकीवर ‘ही अपोस्टिलसाठी हवी आहे’ असं सांगायचं, म्हणजे योग्य अधिकाऱ्याच्या सहीने प्रत मिळते. हे एक वाक्य न बोलल्यामुळे सॅक्रामेंटोहून परत आलेले कागद मी बरेच पाहिले आहेत.

‘झेरॉक्सवर नोटरी करून पाठव’ हा सल्ला घरच्यांकडून हमखास येतो. तो ऐकू नका. कॅलिफोर्नियातल्या नोटरीला कोर्टाच्या कागदाची प्रत खरी असल्याचं प्रमाणित करण्याचा अधिकारच नाही. त्यावर अपोस्टिल लावलं तरी ते नोटरीच्या सहीचं होतं, कोर्टाच्या निकालाचं होत नाही. आणि प्रमाणित प्रत हातात आली की स्कॅन करण्यासाठी तिची पिन काढू नका. पानं सुटी झाली की प्रत संशयास्पद ठरते आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. पानं उलटून फोनवर फोटो काढा.

आता कॉन्ट्रॅक्टरचा दावा. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने घटस्फोटाची फाइल ३० वर्षं ठेवायची असते, म्हणून तुमची सुरक्षित आहे. दिवाणी दाव्याची फाइल अंतिम निकालानंतर १० वर्षं, पुढे कोर्ट ती नष्ट करू शकतं. पण दावा मोठ्या रकमेचा असेल, त्या काळात म्हणजे २५ हजार डॉलरच्या वरचा, तर त्याचा निकाल कायमचा जपला जातो. बाकी फाइल गेली तरी निकालाची प्रत मिळेल. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, लावला असेल तर दहा वर्षांनंतर काही उरलं असेलच असं नाही. आणि आपसात मिटवून दावा काढून घेतला असेल तर फाइल फक्त एक वर्ष ठेवण्याचं बंधन आहे. ही मुदत संपली की फाइल नष्ट करण्याची मुभा कोर्टाला मिळते, सक्ती नसते. म्हणून केस नंबर शोधून एकदा विचाराच, पुष्कळदा फाइल अजून जागेवर असते.

निकाल तुमच्या बाजूने लागून पैसे यायचे राहिले असतील तर एक वाईट बातमी सांगावी लागते. पैशांच्या निकालाची अंमलबजावणी दहा वर्षांपर्यंतच करता येते आणि त्या मुदतीतच त्याचं नूतनीकरण करून घ्यावं लागतं. वकिलांनी ते केलं होतं का, हे रोजनाम्यात दिसेल.

कोर्टात काहीच उरलं नसेल तर काउंटी रेकॉर्डरकडे जा. घराच्या कामाच्या वादात कॉन्ट्रॅक्टरने घरावर मेकॅनिक्स लीन (कामाच्या थकलेल्या पैशांसाठीचा बोजा) नोंदवलेलं असण्याची बरीच शक्यता असते. तुमच्या बाजूने निकालाचा गोषवारा नोंदवला गेला असेल तर तोही तिथेच सापडेल, आणि त्यावर कोर्टाचा केस नंबर छापलेला असतो. दस्तांची सूची नावावरून शोधता येते. ज्या काउंटीत घर होतं त्याच काउंटीच्या रेकॉर्डरकडे शोधा, दोघांपैकी ज्याच्या नावावर घर होतं त्याच्या आणि कॉन्ट्रॅक्टरच्या कंपनीच्या नावाने.